'पुढं परत उतरायचंच आहे': स्टँड ते रुग्णालय, फुटपाथाच्या कामाच्या नोंदी

सोमवार, १३ जानेवारी २०२५

सकाळी साडेसहाला एसटी स्टँडच्या आउट गेटपासून सुरुवात केली. सोबत टेप, खडू, वही. स्टँड, मेन रोड, कन्याशाळा, मारुतीचं देऊळ, ग्रामीण रुग्णालय असा डाव्या अंगाचा ८४० मीटरचा पट्टा. कागदोपत्री इथे फुटपाथ आहेच. मागे कधीतरी गटारावर स्लॅब टाकून वर पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हापासून आमच्या नगरपरिषदेच्या यादीत हा रस्ता 'पदपथ असलेला' म्हणून आहे.

मोजलं ते असं. रुंदी कुठे १.२ मीटर, कुठे २. विजेच्या डीपीपाशी भिंत आणि पेटी यांच्यामधून जायला ४० सेंटिमीटर. उंची रस्त्यापासून २८ ते ३५ सेंटिमीटर, म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्या एका पावलात. मग दुसरी फेरी खडू घेऊन. चालणाऱ्याला जिथे जिथे खाली उतरावं लागतं तिथे फुली मारत गेले. दुकानाचा रॅम्प, बोळाचं तोंड, मोडलेलं झाकण, टपरी, लावलेल्या मोटरसायकली, डीपी. रुग्णालयाच्या फाटकाशी पोचेपर्यंत ३४ फुल्या झाल्या. दर पंचवीस मीटरला एकदा उतरा, एकदा चढा.

मला करायला सांगितलंय ते 'जुने पेव्हर काढून नवीन बसविणे' एवढ्याचं अंदाजपत्रक. नवीन पेव्हरने यातली एकही फुली पुसली जाणार नाही.

बुधवार, १५ जानेवारी

आज आईला घेऊन तोच पट्टा चालले. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, हातात काठी असते, आणि महिन्यातून एकदा बीपीच्या गोळ्यांसाठी ग्रामीण रुग्णालयात जावंच लागतं. पहिल्या रॅम्पला उतरली, माझा हात धरून चढली. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला उतरली आणि सरळ रस्त्याच्या कडेने चालायला लागली. वर चल म्हटलं तर म्हणाली, "चढून काय करू, पुढं परत उतरायचंच आहे."

ऑफिसात नेहमी ऐकते की आपल्या लोकांना फुटपाथवर चालायची सवयच नाही. मीही हे बोललेली आहे. आजपासून बोलणार नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

शाळा सुटायच्या वेळी आणि बाजारच्या दिवशी सकाळी उभं राहून पाहिलं. दहातले जेमतेम दोघे फुटपाथवर, तेही दुकानातून दुकानात जाणारे. मुली चौघीचौघी हातात हात घालून डांबरावर, आणि त्यांच्या शेजारून उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. मागची ट्रॉली वळणावर आत घेते आणि चालवणाऱ्याला ती दिसत नाही, टेपच्या आवाजात ऐकूही येत नाही. मी याच शाळेची. आम्हीही अशाच चालत होतो, तेव्हा ट्रॉली एकच असायची.

फाइलला जोडायला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल काढला. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात पायी चालणारी ३२,८२५. जवळपास दर पाचातलं एक. आणि ही फक्त पोलिसांत नोंद झालेली. चेंबरच्या फटीत पाय अडकून खुबा मोडलेली बाई या आकड्यात कुठेच येत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

नकाशा तयार. आधार इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेचा, ती खास पायी चालणाऱ्यांसाठीच आहे. चालायला मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर, म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तरी निघतील. कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. डोक्यावर २.२ मीटरपर्यंत पाटी, पत्रा, फांदी नको. दुकानालगत एक पट्टा, मधला चालायचा, आणि रस्त्याकडचा पट्टा झाडं, खांब, बाकं, हातगाड्या यांना. मधल्या पट्ट्यात काहीही ठेवायचं नाही, कुंडीसुद्धा नाही.

अडचण उंचीची आहे. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा थर चढतो, गटार बुजू नये म्हणून त्याच्या भिंती वाढवल्या जातात, आणि कोणीतरी पुढच्या थराची सोय म्हणून आणखी वीतभर वाढवून ठेवतं. फुटपाथ गटाराच्या डोक्यावर, त्यामुळे तोही वर. दुकानदाराला मग गाडी चढवायला रॅम्प लागतो, तो फुटपाथ कापून करतो. म्हणजे रॅम्प हे मूळ दुखणं नव्हेच. गटाराच्या भिंती छाटून स्लॅब १५ सेंटिमीटरवर आणायला हवा.

नगराभियंता साहेबांनी नकाशा बराच वेळ पाहिला. म्हणाले, "खर्च दुप्पट जाईल. पण बरोबर आहे." पैसे राज्याच्या नगरोत्थान योजनेतून मागू, दोन टप्पे करू, असं ठरलं. पहिला टप्पा स्टँड ते मारुती, ६२० मीटर, फुल्या २६. दुसरा मारुती ते रुग्णालय, २२० मीटर, फुल्या ८. रुग्णालयाकडून सुरुवात करावी असं मी म्हटलं, कारण तिकडे आजारी माणसं जातात. पण गर्दी आणि निधीचं गणित स्टँडकडून जुळत होतं. मी फार ताणलं नाही. ताणायला हवं होतं.

शनिवार, ८ मार्च

पुण्याला गेले होते, मुद्दाम वाट वाकडी करून जंगली महाराज रस्ता चालले. रुंद फुटपाथ, बाकं, झाडांना धक्का न लावता केलेली जागा. एक आजोबा बाकावर बसून पेपर वाचत होते आणि त्यांना कोणी उठवत नव्हतं. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण केलं, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन करतात. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, तेवढी रुंदीही नाही. तत्त्व मात्र फुकट घेता येतं: फाटकापाशी, बोळापाशी फुटपाथ खाली उतरवायचा नाही, तो तसाच सलग न्यायचा आणि गाडीने हळू चढून पलीकडे उतरायचं. गाडीला चढायला पेट्रोल आहे. माणसाला गुडघेच आहेत.

परत आल्यावर नकाशातले सगळे बोळ तसे बदलले.

गुरुवार, ३ एप्रिल

दुकानदारांची बैठक, संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात. साठेक जण. दोन तास नुसता राग ऐकला. गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार. काम चार महिने चाललं तर पाडव्यानंतरचा लग्नसराईचा धंदा बुडणार. पावसाचं पाणी दुकानात शिरेल. शेवटचा मुद्दा खरा होता, मी तो नकाशात पुरता पाहिलेला नव्हता. चार दुकानांचे उंबरे आत्ताच्या फुटपाथाच्या बरोबरीत आहेत म्हणून ठीक, पण एक किराणा दुकान जुनं, खोलगट. तिथे उतार रस्त्याकडे काढून दर सहा मीटरला गटारात जाळी द्यायची असं तिथल्या तिथे कागदावर काढून दाखवलं.

भांड्याच्या दुकानातले काका आतापर्यंत गप्प होते. ते म्हणाले, "माझं गिऱ्हाईक बायामाणसं. त्या एसटीतून उतरून चालत येतात. गाडीवाला तर बायपासला मॉलमध्ये जातो." त्यानंतर बैठकीचा सूर बदलला. पाच जणांनी रॅम्प स्वतः काढून घेतो म्हणून सह्या दिल्या. बाकीचे पाहू म्हणाले.

मंगळवार, ८ एप्रिल

भाजीवाल्या चौदा जणी, दोन फळांच्या गाड्या, एक चप्पल शिवणारे मामा. अतिक्रमण विभागाचा सल्ला होता की काम सुरू होण्याआधी उठवून टाका. मी नकार दिला आणि लेखी दिला. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे: आधी सर्वेक्षण, मग नगर पथविक्रेता समिती, जागा नेमून देणं, त्याशिवाय उठवता येत नाही. शिवाय मला त्या तिथे हव्याच आहेत. रात्री आठनंतर मेन रोडवर उजेड असतो तो त्यांच्या दिव्यांचा. बाजूला माणसं बसलेली असली की शिकवणीहून येणारी मुलगी त्या बाजूने चालते.

रस्त्याकडच्या पट्ट्यात प्रत्येकीला दीड मीटर बाय सव्वा मीटर. मावशींनी पहिलं विचारलं ते कडुनिंबाबद्दल. "झाड ठेवणार का? उन्हात माल सुकतोय." झाड राहणार. त्याच्याभोवतीचं काँक्रीट फोडून मातीचं आळं करायचं, ते अंदाजपत्रकात घातलं.

सोमवार, १२ मे

कार्यारंभ आदेश निघाला. साबांची, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाची, ना-हरकत शुक्रवारीच आली, कारण मेन रोड राज्यमार्ग, त्यांच्या ताब्यातला. कन्याशाळेपुढचा उंच झेब्रा, म्हणजे रस्ताच थोडा वर उचलून केलेली ओलांडायची जागा, मात्र त्यांनी 'तपासून कळवू' म्हणून ठेवलाय.

गुरुवार, १५ मे

काल सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अडथळा नसलेला, अपंगांना वापरता येईल असा फुटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि राज्यांनी तशी नियमावली करावी. बातमी कापून फाइलला लावली, झेब्र्याच्या पत्राला त्याची प्रत जोडून साबांकडे पाठवली. 'हक्क' हा शब्द आमच्या फाइलवर पहिल्यांदा आला. आतापर्यंत 'सुशोभीकरण' होता.

मंगळवार, २७ मे

ही नोंद नीट लिहायची आहे.

पाऊस मे महिन्यातच आला. दोन दिवस कोसळला. आमचं १२० मीटर गटार उघडं, भिंती छाटलेल्या, स्लॅब यायचा होता. रविवारी रात्री वीज गेली. मारुतीकडून स्टँडला निघालेले एक गृहस्थ पाण्यातून चालत आले, कड दिसली नाही, गटारात पडले. चहाच्या गाडीवरच्या पोरांनी ओढून काढलं. मनगट मोडलंय, कपाळाला टाके.

तिथे आम्ही लावली होती ती लाल-पांढरी फीत. करारात पत्र्याचं कुंपण आणि रात्रीचे दिवे आहेत. ठेकेदाराने पावसानंतर लावतो म्हटलं, ते मी ऐकून घेतलं. पाहणीच्या वहीत शनिवारी माझी सही आहे. पायी चालणाऱ्याला सुरक्षित करायला म्हणून काढलेल्या कामात पायी चालणारा माणूस पडला, आणि ते थांबवणं माझ्या हातात होतं.

आज त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांच्या पत्नींनी चहा दिला. तो पिताना फार अवघड झालं. दवाखान्याचा खर्च ठेकेदाराने द्यायचा असं लेखी झालंय.

आजपासूनचे नियम: एका वेळी ३० मीटरपेक्षा जास्त उघडायचं नाही. संध्याकाळी पत्र्याचं कुंपण बंद झाल्याचा फोटो आल्याशिवाय त्या दिवसाचं काम मोजमाप पुस्तकात चढणार नाही. काम चालू असताना लोकांनी जायचं कुठून, तर रस्त्याच्या कडेने बॅरिकेड लावून दीड मीटरची वाट, तीही कामाचाच भाग.

मंगळवार, १७ जून

काल शाळा उघडल्या. कन्याशाळेपुढे टेप आणि घड्याळ घेऊन उभी राहिले.

दोन्ही कडांमध्ये अंतर १०.५ मीटर. म्हातारं माणूस किंवा दप्तराने वाकलेली पहिलीतली पोर सेकंदाला साधारण ०.८ मीटर चालते. पार जायला १३ सेकंद. ५० च्या वेगाने येणारी गाडी तेवढ्यात १८० मीटर येते. स्टँडकडचं वळण शाळेपासून ९० मीटरवर. म्हणजे पाऊल टाकताना रस्ता पूर्ण मोकळा दिसला तरी, वळणाआडची गाडी पोर अर्ध्यात असताना तिच्यापर्यंत पोचते. पोरीने 'नीट दोन्हीकडे पाहून' सुद्धा. आपण पोरांना दोन्हीकडे पाहायला शिकवतो, पण इथे पाहून भागतच नाही.

फुटपाथाची कड दोन्ही बाजूंनी पुढे आणली तर ओलांडायचं अंतर ७ मीटर होतं, वेळ पावणेनऊ सेकंद. गाडी ३० ने आली तर तेवढ्यात ती ७३ मीटर येते. ७३ हे ९० पेक्षा कमी. एवढ्यासाठीच कड पुढे आणायची आणि एवढ्यासाठीच वेग ३० वर आणायचा. दोन्हीतलं एकच केलं तर पुरत नाही, हिशेब करून पाहिला. नुसती कड पुढे घेतली आणि गाडी ५० नेच आली तर १२१ मीटर. नुसता वेग ३० केला तर १०९.

वेग पाटीने कमी होत नाही. रस्ताच वर उचलायला हवा: ४ मीटर सपाट, १० सेंटिमीटर उंच, दोन्हीकडे लांब उतार. डांबराचा उभा डोंगर नको, त्याने ट्रॉलीची जोडणी निखळते आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाचे हाल होतात. फुटपाथ १५, झेब्रा १०, मधल्या ५ सेंटिमीटरला ६० सेंटिमीटरचा उतार. बाराला एक. चाकाची खुर्ची स्वतः ढकलत जाता येतं.

हे सगळं एका पानावर मांडून साबांच्या उपअभियंत्यांना समक्ष दिलं. त्यांची मुलगी याच शाळेत शिकून गेली, ते मला तिथे कळलं.

शुक्रवार, ११ जुलै

उंच झेब्र्याला मान्यता. स्लॅब ३१० मीटरपर्यंत. दोन डीपी हलवायचं वीज कंपनीचं अंदाजपत्रक आमच्या तरतुदीत बसत नाही. सध्या राहणार.

मंगळवार, १९ ऑगस्ट

दृष्टिहीनांसाठीच्या पिवळ्या फरश्या बसल्या. लांबून छान दिसल्या. गावातले पेटी शिकवणारे गुरुजी, त्यांना दिसत नाही, त्यांना मुद्दाम बोलावलं. काठी टेकवत चार पावलं आले आणि थांबले. परत दोन पावलं, परत थांबले. "बाई, ही फरशी मला सारखी थांब म्हणतीय."

खरंच. मिस्त्रींनी ठिपक्यांच्या फरश्या सरळ ओळीत बसवल्या होत्या आणि रेघांच्या कोपऱ्यात. रेघ म्हणजे चल, ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. मिस्त्रींना हे कोणीच सांगितलेलं नव्हतं, नकाशावर फक्त 'टॅक्टाइल टाइल' लिहिलं होतं. मी लिहिलेलं. गुरुजींनी त्यांना चपला काढायला लावल्या, डोळे मिटून चालवलं. दीड तास दोघं तिथे होते. त्यानंतर मिस्त्रींनी ४६ फरश्या स्वतः उखडून बदलल्या, आणि दुसऱ्या दिवशी डीपीच्या आधी ठिपके घालायचे राहिलेत हे तेच मला सांगायला आले.

सोमवार, २२ सप्टेंबर

मावशी नव्या जागेवर बसल्या. कडुनिंबाच्या आळ्यात पाणी मुरतंय.

मोटरसायकली फुटपाथवर चढतात. खांब लावलेत, पण दोन खांबांमध्ये चाकाच्या खुर्चीपुरती वाट ठेवावी लागते, आणि त्यातून मोटरसायकलही निघते. हे खांबाने सुटणारं नाही. सकाळी शाळेच्या वेळी वाहतूक पोलीस उभे असले की बंद, गेले की सुरू.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

परवा सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना पायी चालणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्याच्या १३८(१अ) कलमाखाली सहा महिन्यांत नियम करायला सांगितलं. दुसऱ्या टप्प्याच्या टिपणीत लिहिलं. त्याची निविदा उघडली आहे, दर ठीक आहेत, कार्यारंभ आदेशावर सही व्हायची.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सही झाली नाही. काल नगरपरिषद निवडणुका जाहीर झाल्या, आचारसंहिता लागली. नवीन काम सुरू करता येत नाही. पहिला टप्पा चालू काम म्हणून पुरा करतोय, मारुतीपाशी थांबायचं.

गाळप १ तारखेला सुरू झालं. संध्याकाळी झेब्र्यापाशी तासभर उभी राहिले. रिकाम्या ट्रॉल्याही उतारावर हळू होतात. एक ड्रायव्हर थांबला, मुलींना हाताने 'जा' म्हणाला. त्या इतक्या बावरल्या की जागच्या हलेनात. शेवटी शिपाईमामांनी हाताला धरून नेलं.

शनिवार, १० जानेवारी २०२६

आईला घेऊन पुन्हा चालले. पहिल्या टप्प्यात उतरावं लागलं तीनदा: दोन डीपी, आणि एक रॅम्प ज्याच्या मालकांनी अजून सही दिलेली नाही. २६ च्या ३. बोळांच्या तोंडाशी ती प्रत्येक वेळी सवयीने थांबली, काठीने खाली चाचपलं, खाली काही नव्हतं, मग पुढे गेली. कन्याशाळेपुढे मला न विचारता रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली आणि परत आली. विचारलं काय काम होतं. काही नाही म्हणाली.

मारुतीशी फुटपाथ संपतो. तिथे आमची नवी कड १५ सेंटिमीटर आणि पुढे जुना स्लॅब ३१. ती उतरली आणि रुग्णालयापर्यंत रस्त्याच्या कडेने गेली, गेल्या वर्षीसारखीच. रुग्णालयाच्या रांगेतली बहुतेक माणसं तशीच आली असणार.

निवडणुकीचे निकाल २१ डिसेंबरला लागले, आचारसंहिता उठली. दुसऱ्या टप्प्याची फाइल नव्या सभेपुढे जायची आहे. सोमवारी सकाळी साडेसहाला मारुती ते रुग्णालय परत मोजायचं. खडू संपलाय, आणायचा. जमल्यास नव्या नगरसेविकांना सोबत घ्यायचं, आणि आईलाही.